मधाशेजारी काकवी

विलायतेहून परत आल्यापासून पारावरचे लोक एकच विचारतात, राजाचा वाडा पाहिला का. पाहिला. लांबून. कुंपण चांगलं आहे. त्यापुढं सांगण्यासारखं काही नाही. मी तिथं जे पाहिलं ते वेगळंच होतं. ते तोंडी सांगायला बसलो की मधेच कोणीतरी तंबाखू मागतो आणि गोष्ट तिथंच राहते. म्हणून लिहायला घेतलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तिसरी पास नव्हे, तिसरीपर्यंत. माझी ओळ कागदावर वर चढत जाते, आणि एकदा लिहिलेलं मी खोडत नाही. वाचणाऱ्यानं मान तिरकी करावी.

सामान

मी गुळव्या. उभा जन्म गुऱ्हाळावर, रस उकळायच्या काहिलीपुढं गेला. थोरला विजय लंडनला लागून असलेल्या वॉटफर्ड गावात राहतो. बाप एकदा येऊन जाऊ दे म्हणून तो दहा वर्षं मागे लागला होता, आणि मी दहा वर्षं नाही म्हणत होतो. शेवटी मीच म्हटलं, येतो. कोणी सांगितलं म्हणून मी येत नाही, मला वाटलं म्हणून येतो.

विमानात बसण्याआधीच दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, तिथं इंग्रजी बोलायचं नाही. मी त्यांच्याकडे चाकरीला नव्हतो चाललो, माझ्या लेकाकडे चाललो होतो. दुसरी, आपल्या हातची काकवी न्यायची. काकवी म्हणजे गुळाच्या आधीचा पातळ पाक. तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं, तोच गुळव्या. विजय फोनवर म्हणाला, "बाबा, प्लास्टिकच्या बाटलीत भरा, घट्ट झाकणाची." मी स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकणाला कणकेचं लिंपण लावलं. आमच्याकडे असंच करतात.

वॉटफर्डला बॅग उघडली तेव्हा माझी सगळी धोतरं काकवी प्यायली होती. लिंपण विमानात कुठंतरी सुटलं होतं. निम्मा डबा शिल्लक होता, एवढंच नशीब.

विजय नेमका त्या दिवसांत कार्डिफला होता. तिथल्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर बसवायचं काम निघालं होतं. घरात मी आणि सूनबाई पल्लवी, दोघंच. ही पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला तिखट.

"बाबा, बाटलीत भरली असती तर?"

"बॅगच हलकी निघाली."

"इंग्रजी बोलणार नव्हतात ना? आत्ता बॅग म्हणालात."

"बॅग आपली झाली. टेबल, तिकीट, बस, सगळी आपलीच. दत्तक घेतलीत. दत्तक पोराला त्याचा जुना बाप कोण, असं कोणी विचारत नाही."

"बरं आहे," म्हणाली. "सोयीचं आहे."

कुंपण

तिथली घरं जुळी असतात, एकाच भिंतीला दोन संसार. मागं हातरुमालाएवढी बाग आणि मधे कमरेएवढं लाकडी कुंपण. पाऊस पडतो, पण आपल्यासारखा नाही. कोणीतरी वरून पीठ चाळतंय असा. अर्धा दिवस अंगावर घेतला तरी माणूस भिजत नाही आणि वाळतही नाही. शेजाऱ्याशी बोलायचं म्हणजे आधी हवेबद्दल बोलायचं, मग कचऱ्याच्या रंगीत डब्यांबद्दल, आणि तेवढ्यात बोलणं संपतं. आपल्याकडे शेजारी आधी जेवलात का विचारतो आणि मग घरात येऊन बसतो.

पल्लवीनं धोतरं दोनदा मशीनमध्ये फिरवली, तरी डाग राहिले. बागेतल्या दोरीवर ती वाळत पडली होती आणि मी खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसलो होतो. कुंपणापलीकडून एक म्हातारी वाकून बघायला लागली. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पण ताठ. तिनं धोतराकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. मी पल्लवीला हाक मारली.

"या हिल्डा आजी," पल्लवी म्हणाली. "विचारतात, एवढी लांब चादर कोणाची, आणि तिच्यावर काय सांडलं?"

"सांग, चादर नाही. आणि सांडलं ते सोनं."

आत जाऊन वाटीत काकवी आणली, कुंपणावरून पुढं केली. दुसरी एखादी असती तर चमचा मागितला असता. हिनं बोट बुडवलं आणि चाटलं. डोळे मिटून घेतले आणि पोरीसारखी हसली. मग तिनं जे सांगितलं ते पल्लवीनं मला थांबत थांबत मराठीत सांगितलं. तेही वाक्य अर्ध्यावर सोडून म्हातारीलाच प्रश्न विचारत.

हिल्डाबाई यहुदी. जन्म जर्मनीतला, पण इथं आली ती आईच्या कडेवर. तिकडे यहुद्यांना जगू देत नव्हते तेव्हा आईबाप पळून आले. बापानं कपडे कमी घेतले आणि पेटीभर पुस्तकं घेतली, सगळी जर्मन. यहुद्यांमध्ये एक रीत आहे. लेकरू पहिल्यांदा अक्षर शिकतं तेव्हा पाटीवरच्या अक्षरावर मध लावतात आणि ते त्याला चाटायला देतात, विद्या गोड लागावी म्हणून. देवाच्या भाषेतली अक्षरं असतात ती, हिब्रू. हिल्डाबाईच्या बापाला देवाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. पोरगी पाच वर्षांची झाली तेव्हा त्यानं कुठूनतरी चमचाभर मध मिळवला, आपलं आवडतं जर्मन कवितांचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या अक्षरावर थेंब सोडला.

"पुस्तकावरच?" मी विचारलं.

"पुस्तकावरच. घरात पाटी नव्हती," हिल्डाबाई म्हणाली. "आणि होती तरी त्यांनी पुस्तकावरच सोडला असता."

मला हा माणूस आवडला. माझ्या शाळेत अक्षराबरोबर छडी मिळायची. मध मिळाला असता तर कदाचित चौथीपर्यंत गेलो असतो.

शुक्रवारी तिनं कुंपणावरून पाव दिला. तीन पेडांची वेणी घातलेला, वरून तांबूस चकचकीत. त्यांच्याकडे शुक्रवारी हा असतोच म्हणे. मी तो काकवीत बुडवून खाल्ला. आपल्या चपातीला असा योग नाही हे मी इथं लिहितो. घरी बोलणार नाही.

वाचन

मधल्या आठवड्यात पल्लवीनं मला ईलिंगला नेलं. तिकडे आपली माणसं पुष्कळ, दुकानात शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात. गुळाची ढेप पाहिली आणि हात लावला नाही. पिवळीधमक. असला रंग ऊस देत नाही, पावडर देते. दुकानदाराला हे चांगल्या मराठीत सांगितलं. तो पंजाबी निघाला. पण कौतुकानं ऐकून घेतलं आणि वर मला केळं दिलं.

खरी गोष्ट त्यापुढच्या रविवारची. हिल्डाबाईच्या घरी दर रविवारी दुपारी चारपाच जण जमतात आणि पुस्तक वाचतात. आपली पल्लवीही जाते. पुस्तकं असतात ती जर्मन यहुद्यांनी लिहिलेली, पण इंग्रजीत उतरवलेली. मी म्हटलं, मीही येतो. "कंटाळाल," पल्लवी म्हणाली. मग तर जाणं भागच होतं.

खोली लहान, आणि एक भिंत पूर्ण पुस्तकांची. मधोमध काचेचं कपाट, त्यात बापाची ती जर्मन पुस्तकं. चहा आला, दुधाचा नुसता वास लागलेला. सफरचंदाचा केक मात्र असा की पहिला तुकडा संपायच्या आत मी दुसऱ्याकडे बघायला लागलो. वाचायची गोष्ट एका कापडवाल्याची होती. जर्मनीतलं एक गाव, हा तिथला यहुदी दुकानदार. त्याच्या घरात एकच कपाट. वरच्या फळीवर प्रार्थनेची पोथी, खालच्या फळीवर जर्मन कवी. दरवर्षी घराला रंग काढायचा, कपाट रिकामं व्हायचं आणि पुन्हा लावताना त्याच्या दोन पोरांचं भांडण लागायचं, वरच्या फळीवर काय ठेवायचं. थोरला म्हणे आपण आधी यहुदी, धाकटा म्हणे आधी जर्मन.

वाचून झाल्यावर मंडळीही तेच भांडायला लागली. एक निवृत्त मास्तर होते, ते धाकट्याच्या बाजूचे. पल्लवी माझ्या कानात सांगत होती. शेवटी मी बोललोच.

"विचार त्यांना, ऊस आधी हिरवा की आधी गोड?"

पल्लवीनं सांगितलं. मंडळी हसली, मास्तरांनी मान डोलावली. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात हिल्डाबाई म्हणाली, "छान. पण शेजारीच येऊन उसाचा फड पेटवायला लागले, तर ऊस काय म्हणतो?"

मिशीवरचा हात खाली आला. केकचा दुसरा तुकडा घेतला.

त्या दिवशी हिल्डाबाईची लेकही होती, ज्युडिथ. साठीची, वकिलीण, बापाच्या वळणावर गेलेली असावी, कारण आईसारखी हसत नव्हती. मंडळी गेल्यावर मायलेकींचं सुरू झालं. इंग्रजी मला कळत नाही, पण भांडण कोणत्याही भाषेतलं कळतं. पल्लवीला उठावंसं वाटत होतं. मी बसूनच राहिलो, म्हणून तिलाही बसावं लागलं.

भांडण असं. ज्युडिथची नात नोआ पुढच्या रविवारी पाच वर्षांची होणार. हिल्डाबाईला पणतीला अक्षराचा मध द्यायचा होता, आणि तो बापाच्या त्या जर्मन पुस्तकातूनच. डोळे जात चालले होते, भिंगाखाली एकेक शब्द धरावा लागत होता. तिच्या मागं ते कपाट वाचणारं घरात कोणी उरणार नव्हतं. ज्युडिथ म्हणत होती, मध द्यायचा तर हिब्रू अक्षरांवर द्या, ताटलीत. जर्मन नाही. कपाट कॉलेजला देऊन टाकू, तिथं नीट राहील.

कारण तिची आजी, म्हणजे हिल्डाबाईची आई. त्या बाईनं इंग्लंडच्या जमिनीवर पाय ठेवल्या दिवशी जर्मन सोडलं. ज्या भाषेत रस्त्यात आपल्यावर थुंकले ती आपल्या तोंडात नको, म्हणाली. मोडकंतोडकं इंग्रजी बोलत राहिली, नवऱ्याशीसुद्धा. नवरा तिला जर्मनमधून उत्तर द्यायचा. तिचं राज्य स्वयंपाकघरात, त्याचं जिन्यावरच्या अडगळीच्या खोलीत. जन्मभर. आमच्याकडे बायको रुसली की बोलणं बंद होतं, इथं भाषाच बंद झाली. मरताना आजीनं ज्युडिथकडून शब्द घेतला होता, ही भाषा लेकरांना द्यायची नाही.

मी ज्युडिथच्या बाजूचा झालो. दिलेला शब्द म्हणजे शब्द. तसं पल्लवीला सांगायला लावलं: "वैऱ्याची भाषा कशाला घरात?"

हिल्डाबाई माझ्याकडे वळली. रागावली नव्हती, पण भिंग हातात घट्ट धरलं होतं.

"त्यांची? त्यांनी ही पुस्तकं चौकात ढीग करून जाळली. आपलं असतं ते कोणी जाळतं का? आमचं होतं म्हणूनच जाळलं. माझे वडील म्हणायचे, घर घेतलं, दुकान घेतलं, नाव घेतलं. भाषा तेवढी नेता आली नाही, ती माझ्या तोंडात होती."

घरी येताना पल्लवी कुंपणाशी थांबली. "बाबा, दत्तक पोराचं काय म्हणाला होतात?"

"ते टेबल-खुर्चीचं होतं."

"हं," म्हणाली.

आठवडाभर मी त्या प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो. हिल्डाबाईची आई खरी की बाप खरा? मला दोघंही माझ्यासारखेच हट्टी वाटले, आणि हट्टी माणसाला मी खोटं म्हणत नाही.

पुढचा रविवार

हिल्डाबाईचा निरोप आला, येताना ते सोनं आणा. म्हणजे काकवी. मध होता तरी. मी त्यातल्या त्यात कमी डागांचं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि वाटी घेऊन निघालो.

टेबलावर पांढरं कापड, वेणीचा पाव, सफरचंदाच्या फोडी. समोर ताटली, तिच्यात ज्युडिथनं मधानं हिब्रू अक्षरं काढलेली. सुरेख, सोनेरी. म्हणजे ज्युडिथ जिंकली होती. हिल्डाबाई नव्या साडीत बसावी तशी निळ्या झग्यात बसली होती, पण ताटलीकडे बघत नव्हती. बापाचं पुस्तक तिनं टेबलाच्या कडेला उघडून ठेवलं होतं. नुसतं, समोर असावं म्हणून. नोआ खुर्चीवर गुडघे टेकून. कुरळे केस, पुढचा दात पडलेला.

पोरीनं ताटलीतली अक्षरं बोटानं गिरवली, चाटली, नावं म्हटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हिल्डाबाईनं मला खूण केली, आता तुमचं.

आता माझं म्हणजे काय ते मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज वाटली नाही. आमच्याकडे दसऱ्याला पाटी पुजतात, पुस्तक पुजतात, गुऱ्हाळाची काहील पुजतात, आणि हळदकुंकू त्या वस्तूवरच वाहतात. ज्या पोथीला डाग नाही ती पुजलेलीच नाही. समोर पुस्तक उघडं. पहिल्या पानावर वेलबुट्टीसारखं मोठं अक्षर, आणि त्याच्या कडेला तपकिरी जुना डाग. बापानं मध सोडला तो हाच. इथं वाहायचं असतं, मी समजलो. चमचा बुडवला, डोक्याला लावला आणि डागाशेजारी, त्या अक्षरावर, काकवीचा टपोरा थेंब सोडला.



"बाबा!" पल्लवी ओरडली. "अहो काय केलंत! ते पुस्तक आहे त्यांच्या वडिलांचं!"

"मग? वडिलांनीच सुरू केलंय ना?"

ज्युडिथ उठली. चेहरा पांढरा. एका हातानं पुस्तक उचललं, दुसऱ्या हातात कागदी रुमाल. तेव्हा मला कळलं. वाटी हातात तशीच. मी आयुष्यात कोणाला चुकलो म्हटलेलं नाही. बायकोला नाही, सोसायटीच्या चेअरमनला नाही.

"सॉरी," मी म्हणालो.

पल्लवी माझ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात नोआ खुर्चीवरून टेबलावर ओणवी झाली आणि ज्युडिथच्या हातातल्या पुस्तकावर जीभ लावून मोकळी झाली. मिटक्या मारल्या. तिनं विचारलं ते मला पल्लवीशिवाय कळलं. बोट अक्षरावर होतं.

हे काय आहे?

विचारलं ते पणजीला नव्हे. पुस्तक आजीच्या हातात होतं, म्हणून आजीला विचारलं.

ज्युडिथनं रुमाल धरलेला हात खाली घेतला. पोरीच्या हनुवटीवरून काकवी ओघळत होती आणि ती वाट बघत होती. अक्षर काय आहे असं लेकरानं विचारलं, तर सांगायचं नाही असा शब्द कोणती आजी पाळू शकेल?

"आ," ज्युडिथ म्हणाली. इंग्रजीतला ए नव्हे. लांब, घशातून आलेला.

मग तिनं पुढचं अक्षर सांगितलं. मग शब्द. मग ओळ. न अडखळता, भिंगाशिवाय.

हिल्डाबाईनं तोंडावर हात घेतला. "तुला येतं?"

"जिन्याच्या पायरीवर बसायचे," ज्युडिथ म्हणाली. "आजोबा आत मोठ्यानं वाचायचे. आजी खालून हाक मारायची आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवायचे." आणि ती हसली. हुबेहूब आईसारखी.

दुसरी ओळ हिल्डाबाईनं म्हटली, तिसरी लेकीनं, आणि चौथीला दोघी एकदमच चुकल्या आणि टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. मला एक शब्द कळला नाही. पण कडक, खडखडीत भाषा म्हणून ऐकून होतो, ती त्या दोघींच्या तोंडी पाकाला तार यावी तशी आली. नोआ मधेमधे चाटत होती. मास्तर आले होते तेही डोळे पुसत केक खात होते, आणि शेवटचा तुकडा त्यांनी मला सोडला.

सगळं निवल्यावर ज्युडिथनं पुन्हा रुमाल घेतला. हिल्डाबाईनं तिचं मनगट धरलं. "राहू दे. एक डाग तिथं आहेच." मग मला विचारलं, "पण मिटलं तर पानं चिकटतील. हे वाळायला किती वेळ लागेल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकवीतलं कळणारा खोलीत मी एकटाच.

मी खिडकीबाहेर पाहिलं. पीठ चाळणं चालूच होतं.

"तुमच्या या हवेत?" मी म्हटलं. "बरेच दिवस. तोवर उघडंच ठेवा. रोज कोणीतरी येऊन बघायला पाहिजे."

"मी येईन," ज्युडिथ म्हणाली. "नोआला घेऊन. ऑफिसनंतर."

ती रोज आली. मी निघेपर्यंत कुंपणापलीकडून रोज संध्याकाळी ते एकच पान ऐकू यायचं, एक म्हातारा आवाज, एक मधला आणि एक दात पडलेला.

गुळाच्या बाबतीत मी जन्मात खोटं बोललेलो नाही. व्यापाऱ्याशी नाही, गिऱ्हाईकाशी नाही. एवढासा थेंब, निम्मा तर पोरीनंच चाटलेला. पंख्याखाली ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी कोरडा झाला असता.

परवा पल्लवीचा फोन आला होता. म्हणाली, हिल्डा आजींचा निरोप आहे, काकवी अजून वाळली नाही.